बर्फावरचा अखेरचा हंगाम : लेस्टर पॅट्रिक
(द्वितीय वर्ष, कला)

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात. हिरवे मैदान, वाकडी काठी आणि त्या काठीला चिकटल्यासारखा चेंडू आठवतो. परंतु जगाच्या पाठीवर एक देश असा आहे की तेथे हॉकी हा शब्द उच्चारला की मैदान आठवत नाही, बर्फ आठवतो. तो देश म्हणजे कॅनडा. पायांत धारदार पाती लावलेले बूट, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. तिला तेथे पक म्हणतात. खेळाडू वाऱ्याच्या वेगाने बर्फावरून घसरत जातात आणि ही चकती जाळ्यात मारतात. आपल्या देशात हा खेळ लडाखसारख्या थंड मुलखात खेळला जातो. आपल्यासारख्या उन्हाच्या प्रदेशात राहणाऱ्यांना तो फक्त चित्रातच दिसतो.

या खेळाच्या इतिहासात लेस्टर पॅट्रिक हे नाव फार आदराने घेतले जाते. तो उत्तम खेळाडू होता, हे खरेच. पण त्याच्या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग विजयाचा नाही. आपल्या हाताने उभारलेली एक संस्था आपल्याच डोळ्यांदेखत बंद होताना पाहण्याची वेळ त्याच्यावर आली, आणि त्यानंतरही तो उभा राहिला. या लेखात त्याच्या आयुष्याची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

लेस्टरचा जन्म ३१ डिसेंबर १८८३ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील ड्रमंडव्हिल या गावी झाला. वडील जोसेफ पॅट्रिक लाकडाच्या व्यापारात होते. घरात आठ मुले. लेस्टर थोरला, आणि त्याच्या पाठचा फ्रँक हा त्याचा आयुष्यभराचा सोबती. पुढे कुटुंब मॉन्ट्रिऑल शहरात आले आणि तेथे दोघा भावांना या खेळाचे वेड लागले. लेस्टर मॅक्‌गिल विद्यापीठात दाखल झाला होता, पण पदवी काही त्याने घेतली नाही. बर्फाची ओढ पुस्तकांपेक्षा मोठी ठरली. धाकटा फ्रँक मात्र त्याच विद्यापीठाचा पदवीधर झाला.

त्या काळी बचावपटूने आपल्या जागी उभे राहावे, पक आली की ती दूर फेकून द्यावी आणि पुढच्यांनी धावावे, अशी रीत होती. लेस्टर बचावपटू असूनही पक घेऊन थेट प्रतिपक्षाच्या गोलापर्यंत धावत जाई. लोकांना प्रथम हे विचित्र वाटले, मग आवडले आणि अखेर सगळेच तसे करू लागले.

१९०६ साली तो मॉन्ट्रिऑल वाँडरर्स या संघात होता. स्टॅन्ली चषक हा या खेळातील सर्वोच्च मान. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी तो दिला होता. ओटावाच्या बलाढ्य संघाकडे तो १९०३ पासून होता. दोन सामने खेळायचे आणि दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून विजेता ठरवायचा, असा नियम होता. पहिला सामना वाँडरर्सने ९-१ असा जिंकला. आता काय राहिले, असे सर्वांना वाटले. दुसऱ्या सामन्यात ओटावाने गोलांचा असा वर्षाव केला की बेरीज १०-१० झाली. प्रेक्षक बेभान झाले होते. अशा वेळी लेस्टरने लागोपाठ दोन गोल केले आणि १२-१० अशा फरकाने चषक मॉन्ट्रिऑलला नेला. तेव्हा त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

यानंतर कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नेल्सन या गावी गेले. वडिलांनी तेथे जंगल घेऊन लाकडाचा मोठा व्यवसाय उभारला आणि लेस्टर त्यात कामाला लागला. पण १९०९-१० च्या हंगामासाठी पूर्वेकडील रेनफ्र्यू या छोट्या गावच्या धनिक मालकाने पॅट्रिक बंधूंना बोलावून घेतले. अवघ्या बारा सामन्यांच्या हंगामासाठी लेस्टरला तीन हजार डॉलर मिळाले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. खेळ हा पोटापाण्याचा धंदाही होऊ शकतो, आणि मालकांच्या चढाओढीत त्याची किंमत वाढत जाते, हे दोघा भावांनी तेथे जवळून पाहिले. हाच अनुभव सोळा वर्षांनी त्यांच्यावर उलटणार होता.

१९११ साली वडिलांनी लाकडाचा व्यवसाय विकला. हातात मोठी रक्कम आली. तिचे काय करावे यावर घरात विचार सुरू झाला. फ्रँकने कल्पना मांडली की पश्चिम किनाऱ्यावर आपण स्वतःची व्यावसायिक हॉकी संघटना काढावी. लेस्टर या कल्पनेच्या विरुद्ध होता असे सांगतात. पण वडिलांचा कौल फ्रँकच्या बाजूने पडला. एकदा निर्णय झाल्यावर मात्र लेस्टरने अंग चोरले नाही. आपले मत मागे ठेवून तो कामाला लागला. मला त्याच्या स्वभावाचा हा विशेष फार मोलाचा वाटतो. विरोध करायचा तो निर्णय होईपर्यंत. त्यानंतर खांदा द्यायचा.

काम सोपे नव्हते. पश्चिम किनाऱ्यावरची हवा सौम्य, त्यामुळे तेथे खेळण्याजोगा नैसर्गिक बर्फ साचत नाही. म्हणून जमिनीत नळ्यांचे जाळे अंथरून, त्यांतून अतिथंड खारे पाणी फिरवून, वर बर्फाचा थर जमवायचा असे ठरले. कॅनडातील कृत्रिम बर्फाच्या या पहिल्या रंगशाळा. व्हँकुव्हर येथे दहा हजारांहून अधिक प्रेक्षक बसतील अशी प्रचंड इमारत उठली. त्या शहराची लोकसंख्याच तेव्हा एक लाखाच्या आसपास होती! म्हणजे गावातील दर दहा माणसांमागे एक खुर्ची. व्हिक्टोरिया या बेटावरील शहरात दुसरी, लहान रंगशाळा झाली. पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन असे संघटनेचे नाव ठेवण्यात आले. २ जानेवारी १९१२ रोजी व्हिक्टोरियात पहिला सामना झाला. फ्रँक व्हँकुव्हरचा संघ सांभाळी, लेस्टर व्हिक्टोरियाचा. मालक, व्यवस्थापक, कर्णधार आणि खेळाडू अशा चारही भूमिका लेस्टरने एकट्याने वठवल्या.

आज हा खेळ ज्या नियमांनी खेळला जातो त्यांतील कितीतरी नियम या दोघा भावांच्या संघटनेत रुजले. पूर्वी पक पुढच्या गड्याकडे देण्यास बंदी होती. रग्बीप्रमाणे ती मागे किंवा बाजूलाच द्यावी लागे. त्यामुळे खेळ सारखा थांबे. पॅट्रिक बंधूंनी बर्फावर दोन निळ्या रेषा आखल्या आणि मधल्या पट्ट्यात पुढे पक देण्यास मुभा दिली. खेळाला एकदम गती आली. पूर्वी गोलरक्षकाला बर्फावर लोळण घेता येत नसे, घेतल्यास शिक्षा होई. ती बंदी त्यांनी उठवली. गोल करणाऱ्याबरोबर त्याला साहाय्य करणाऱ्याचेही नाव नोंदवले जाऊ लागले. खेळाडूंच्या सदऱ्यांवर क्रमांक आले. पेनल्टीचा फटका आला. हंगामाच्या शेवटी पहिल्या दोन संघांत निर्णायक सामने घेण्याची पद्धतही आली. या सुधारणांमागे प्रेक्षकांचे तिकीट होते, हे उघड आहे. पण खेळावरचे प्रेमही होते.

संघटना वाढली. अमेरिकेतील पोर्टलंड आणि सिॲटल ही शहरे तिच्यात आली. १९१५ साली व्हँकुव्हरने स्टॅन्ली चषक जिंकला. १९१७ साली सिॲटलने तो जिंकला, आणि प्रथमच हा चषक अमेरिकेत गेला. संकटेही आली. पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरियाची रंगशाळा लष्कराने ताब्यात घेतली. १९१९ साली सिॲटलमध्ये अंतिम सामने चालू असताना इन्फ्लुएंझाच्या साथीने खेळाडू अंथरुणाला खिळले. ही तीच साथ, जिने १९१८ साली मुंबई इलाख्यात हाहाकार केला होता. निर्णायक सामना रद्द झाला आणि मॉन्ट्रिऑलच्या संघातील जो हॉल हा खेळाडू ५ एप्रिल रोजी मरण पावला. त्या वर्षी चषक कोणालाच मिळाला नाही.

१९२४ साली सिॲटलची रंगशाळा हातची गेली. तिचे रूपांतर मोटारी ठेवण्याच्या जागेत होणार होते. उरलेल्या दोन संघांवर संघटना चालणे शक्य नव्हते. म्हणून व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया हे संघ गवताळ प्रदेशातील वेस्टर्न कॅनडा हॉकी लीगमध्ये सामील झाले. पहिल्याच वर्षी, मार्च १९२५ मध्ये, लेस्टरच्या व्हिक्टोरिया कूगर्स संघाने चमत्कार केला. मॉन्ट्रिऑल कॅनेडियन्स या नामवंत संघाला त्यांनी तीन विरुद्ध एक सामन्यांनी हरवून स्टॅन्ली चषक जिंकला. लेस्टर आपले खेळाडू भराभर बदलून ताजेतवाने गडी बर्फावर पाठवत होता. प्रतिपक्षाची दमछाक झाली. नॅशनल हॉकी लीगच्या बाहेरच्या संघाने हा चषक जिंकण्याची ती शेवटची वेळ.

आता त्या अखेरच्या हंगामाकडे वळू. १९२५-२६ साली रिजायनाचा संघ पोर्टलंडला हलला. एक संघ अमेरिकेत गेल्यामुळे नावातील कॅनडा हा शब्द गळाला आणि संघटना वेस्टर्न हॉकी लीग झाली. एडमंटन, सॅस्कटून, व्हिक्टोरिया, पोर्टलंड, कॅल्गरी आणि व्हँकुव्हर असे सहा संघ होते. खेळाचा दर्जा उत्तम होता. सॅस्कटूनचा बिल कुक, पोर्टलंडचा डिक अर्व्हिन, एडमंटनचा तरुण एडी शोर, व्हँकुव्हरचा फ्रँक बाउचर अशी पुढे अजरामर झालेली मंडळी त्या वर्षी या संघटनेत खेळत होती. दोष खेळात नव्हता, हिशेबाच्या वहीत होता.

पूर्वेकडे नॅशनल हॉकी लीगने अमेरिकेची दारे उघडली होती. १९२४ साली बोस्टन, १९२५ साली न्यूयॉर्क आणि पिट्सबर्ग. या शहरांत लाखो माणसे, मोठमोठ्या रंगशाळा आणि पैशाच्या राशी. तेथील मालक खेळाडूला जे वेतन देऊ शकत होते ते सॅस्कटूनसारख्या छोट्या गावाला कोठून परवडणार? वेतन वाढवावे तर तिकिटांतून भरून येत नाही; न वाढवावे तर खेळाडू निघून जातो. एकेकाळी रेनफ्र्यूच्या धनिकाने लेस्टरला जसे ओढून नेले होते, तसेच आता त्याचे खेळाडू ओढले जाणार होते.

त्या हंगामात बेचाळीस वर्षांचा लेस्टर पुन्हा स्वतः बर्फावर उतरला. व्हिक्टोरिया गुणतक्त्यात तिसरी आली. तरीही बाद फेरीत तिने आधी सॅस्कटूनला आणि मग पहिल्या क्रमांकाच्या एडमंटनला नमवले व चषकासाठी मॉन्ट्रिऑल गाठले. समोर मॉन्ट्रिऑल मरून्स हा संघ होता. फोरम नावाच्या रंगशाळेत सामने झाले. पहिले दोन सामने मरून्सने ३-० असे जिंकले. तिसरा व्हिक्टोरियाने ३-२ असा घेतला. ६ एप्रिल १९२६ रोजी चौथा सामना झाला. मरून्सच्या नेल्स स्टुअर्टने दोन गोल केले, व्हिक्टोरियाला एकही करता आला नाही. हाच वेस्टर्न हॉकी लीगचा शेवटचा सामना ठरला. त्यानंतर नॅशनल हॉकी लीगबाहेरचा कोणताही संघ स्टॅन्ली चषकासाठी खेळलेला नाही.

संघटना दिवाळखोरीत जाऊन खेळाडू चहूकडे विखुरण्याआधीच ते एकत्र विकावेत, असा मार्ग फ्रँकने काढला. पूर्वेच्या मालकांशी त्याने सौदा केला. पोर्टलंडचे खेळाडू एक लाख डॉलरला शिकागोकडे गेले. व्हिक्टोरियाचे तेवढ्याच रकमेला डेट्रॉइटकडे गेले; डेट्रॉइटने तर आपल्या नव्या संघाला कूगर्स हेच नाव दिले. एकंदर रक्कम अडीच लाख डॉलरांच्या पुढे गेली. पंधरा हिवाळ्यांचा संसार असा आवरला गेला.

या सौद्याचा विचार करताना मन दुभंगते. माणसे विकली, हा शब्द कानाला बोचतो. कोणाला कोठे जायचे आहे हे खेळाडूंना विचारले गेले नव्हते. करारावर मालकाची सही होती आणि करार विकला गेला. सॅस्कटूनच्या, एडमंटनच्या प्रेक्षकांनाही कोणी विचारले नाही. ज्यांनी कडाक्याच्या थंडीत तिकिटे काढून या संघांना जगवले त्यांच्यापासून त्यांचे आवडते खेळाडू दुरावले. ही बाजू दृष्टिआड करता येत नाही.

पण दुसरीही बाजू आहे. माझे वडील ज्या लहानशा कारखान्यात कामाला होते तो मी शाळेत असताना बंद पडला. सकाळी माणसे पाळीवर गेली तेव्हा फाटकाला कुलूप होते आणि कागद चिकटवलेला होता. पुढे काय, हे कोणीच सांगितले नाही. वडिलांच्या हातातले कौशल्य तेच होते, पण ते घ्यायला कोणी उरले नव्हते. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला, आणि ती पायरी चढताना त्या कुलपाची आठवण बरोबर आहे. म्हणून पॅट्रिक बंधूंच्या व्यवहाराकडे पाहताना मला वाटते की बंद पडणे अटळ असेल तर निदान बंद करणाऱ्याने माणसांची सोय आधी पाहावी. या सौद्यात मालकांचा फायदा झाला, हे निःसंशय. पण बहुतेक चांगल्या खेळाडूंना पुढच्या हिवाळ्यात खेळायला बर्फही मिळाला आणि पूर्वीपेक्षा अधिक वेतनही मिळाले.

लेस्टरच्या हाती आता संघ नव्हता. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत न्यूयॉर्क रेंजर्स या नव्या संघाने त्याला व्यवस्थापक व प्रशिक्षक म्हणून बोलावले. तेथे त्याला कोण भेटले? सॅस्कटूनचे बिल आणि बन हे कुक बंधू, व्हँकुव्हरचा फ्रँक बाउचर. त्याच्याच मोडलेल्या घरातील ही मुले. त्यांना हाताशी धरून त्याने नवा संघ घडवला.

यानंतरचा प्रसंग तर कादंबरीत शोभावा असा आहे. ७ एप्रिल १९२८. रेंजर्स अंतिम फेरीत पोहोचले होते. न्यूयॉर्कच्या त्यांच्या रंगशाळेत सर्कस आलेली असल्याने सामने मॉन्ट्रिऑलच्या फोरममध्येच होते. प्रतिस्पर्धी मरून्स. पहिला सामना रेंजर्स हरले होते. दुसऱ्या सामन्यात नेल्स स्टुअर्टचा फटका रेंजर्सचा गोलरक्षक लॉर्न शॅबो याच्या डोळ्यावर बसला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा संघाजवळ दुसरा गोलरक्षक ठेवण्याची पद्धत नव्हती. ओटावाचा नामांकित गोलरक्षक प्रेक्षकांत बसलेला होता. पण त्याला खेळू देण्यास मरून्सच्या व्यवस्थापकाने नकार दिला. अखेर चव्वेचाळीस वर्षांच्या, केस पांढरे झालेल्या लेस्टरने स्वतःच गोलरक्षकाचा जामानिमा अंगावर चढवला.

तो आयुष्यभर बचावपटू होता. गोलरक्षण हे त्याचे काम नव्हे. परंतु त्याच्या पुढे उभ्या असलेल्या गड्यांनी जिवाचे रान केले. प्रतिपक्षाला जवळ येऊच द्यायचे नाही, दुरूनच फटके मारायला लावायचे, असा त्यांचा पण होता. बिल कुकने गोल करून आघाडी मिळवून दिली. शेवटच्या काही मिनिटांत नेल्स स्टुअर्टने बरोबरी केली. लेस्टरवर झालेला तो एकच गोल. सामना जादा वेळेत गेला आणि फ्रँक बाउचरने निर्णायक गोल केला. रेंजर्स २-१ असे जिंकले. दोनच वर्षांपूर्वी याच बर्फावर, याच संघाकडून, याच स्टुअर्टच्या गोलांनी लेस्टरची संघटना संपली होती. त्या रात्री रेंजर्सचे दोन्ही गोल त्या संपलेल्या संघटनेच्या खेळाडूंनी केले आणि गोलापुढे तिचा संस्थापक उभा होता. पुढे दुसरा गोलरक्षक मिळवून रेंजर्सने तो चषकही जिंकला.

उरलेले आयुष्य यशाचे गेले. १९३३ साली रेंजर्सने पुन्हा चषक जिंकला. १९३९ साली त्याने प्रशिक्षकपद फ्रँक बाउचरकडे सोपवले आणि व्यवस्थापकपद स्वतःकडे ठेवले. १९४० साली तिसऱ्यांदा चषक मिळाला तेव्हा संघात त्याचे दोन्ही मुलगे, लिन आणि मझ, खेळत होते. त्याच्या पांढऱ्या केसांवरून आणि चतुराईवरून लोक त्याला रुपेरी कोल्हा म्हणत. आपल्याकडे कोल्हा हा लबाडीचा धनी. तिकडे मात्र ही कौतुकाची पदवी होती. १९४६ साली तो व्यवस्थापकपदावरून निवृत्त झाला. १९४७ साली हॉकीच्या सन्मान-मंदिरात त्याची निवड झाली. १ जून १९६० रोजी व्हिक्टोरिया येथे त्याने देह ठेवला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला व्हँकुव्हर येथे फ्रँकही गेला. जन्मभर एकत्र चाललेली ही जोडी मृत्यूनेही फार काळ वेगळी ठेवली नाही. अमेरिकेत हॉकीची सेवा करणाऱ्यांना १९६६ पासून लेस्टरच्या नावाने पारितोषिक देण्यात येऊ लागले.

त्यांनी बांधलेल्या दोन्ही रंगशाळा आगीत भस्म झाल्या. व्हिक्टोरियाची १९२९ साली, व्हँकुव्हरची १९३६ साली. विटा-लाकडाचे काहीच उरले नाही. पण आजही जगात कोठेही बर्फावर हॉकीचा सामना सुरू झाला की बर्फावर निळ्या रेषा असतात, खेळाडूच्या पाठीवर क्रमांक असतो, पक पुढच्या गड्याकडे सरकत जाते आणि गोलरक्षक ती अडवण्यासाठी खुशाल लोळण घेतो. संस्था बंद पडते तेव्हा तिच्याबरोबर सर्व काही संपते असे आपण समजतो. लेस्टर पॅट्रिकचे चरित्र वाचल्यावर ही समजूत डळमळते. संस्थेने माणसे नीट घडवली असतील आणि कामाची रीत चोख घालून दिली असेल, तर ती माणसे आणि ती रीत दुसऱ्याच्या अंगणात जाऊनही रुजते. आपल्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा हाती घेतलेले काम अर्ध्यावर थांबवावे लागेल. तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी परक्या शहराच्या संघासाठी गोलापुढे उभा राहिलेला हा पांढऱ्या केसांचा माणूस आपण आठवावा.